घंटेनंतर

तार्तूच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दुसऱ्या मजल्यावर
एक खोली आहे, जिथे कुणीच आजारी नसतं.
दोन खुर्च्या, एक स्टूल, एक खाट, पाण्याचा जग.
काचेमागे मी, गुणांचा कागद घेऊन.

हेल्वे कुझिक इथे अकरा वर्षं विसरते आहे,
मंगळवारी आणि शुक्रवारी, तासाला बारा युरो,
शिवाय बसचं भाडं.
त्याआधी ती नाटकांचे कपडे शिवायची.
म्हणते, नटाची बाही काखेत काचली
की दुःख आपोआप खरं वाटतं.

तिला दिलेली भूमिका अशी:
नाव लिंडा, वय अठ्ठ्याहत्तर.
गाय धारेसाठी खोळंबली आहे, घरी जायचंय.
नवरा वारला, ते तिला पुन्हा सांगायचं की नाही
हे पोरांनी ठरवायचं.

पोरं येतात, कोटांच्या घड्याही न मोडलेली.
"आज वार कोणता?" उभ्याउभ्या विचारतात,
जणू वार तिनेच लपवून ठेवलाय.

मी शिकवते: आधी बसा.
तिच्या डोळ्यांहून इंचभर खाली.
एका वेळी एकच प्रश्न, आणि मग गप्प.
मनात सात मोजा.
उत्तर लांबून चालत येतंय, वाटेत चिखल आहे,
दारात उभं राहून हाकांवर हाका मारू नका.
आणि "आठवत नाही का?" हे तर कधीच नाही.
ज्याचा हात मोडलाय
त्याच्याकडे टाळी मागत नाहीत.

घंटा झाली की हेल्वे शाल काढते.
शाल खांद्यावरून उतरली की लिंडा संपली.
मग खुर्ची पुढे ओढून एकेकाचा समाचार:
"तू दोनदा घड्याळ पाहिलंस.
तू माझ्या डोक्यावरून माझ्या मुलीशी बोललास,
मी काय खिडकी आहे?
आणि तू, बाई, मला गोड म्हणालीस.
मी गोड नाही."

त्या नोव्हेंबरात तानेल आला,
सारेमा बेटावरचा, मोठ्या पंजांचा,
मागच्या दोन्ही खेपांना नापास.
स्टूलच घेतलं त्यानं, इतकं बुटकं
की गुडघे हनुवटीला लागत होते.

हेल्वेनं गायीचं नावच काढलं नाही.
म्हणाली, "निळा रेशमी दोरा कुणी नेला?
आता पडदा उघडेल, आणि राणी बटणाशिवाय उभी."

माझ्या कागदावर राणी नव्हती.
मला वाटलं, आज रंगात आलीय.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: छान भर.

तानेल म्हणाला, "कुठलं बटण?"
आणि थांबला.
सात झाले. अकरा झाले. मी मोजायचं सोडलं.
तिनं पिशवी खाटेवर उपडी केली:
पेपरमिंटच्या गोळ्या, बसचा पास,
डाव्या हाताचे तीन हातमोजे.

घंटा झाली.
शाल तशीच.
मी पुन्हा वाजवली.
मग दार उघडून आत गेले, आणि उभ्यानंच
माझ्या तोंडून निघालं,
"हेल्वे, संपलं की. आठवत नाही का?"

तिनं पाहिलं माझ्याकडे:
कोट ओळखीचा, आतलं माणूस अनोळखी.

तानेलनं मान वळवली नाही.
आपल्या कोटाचं सगळ्यात खालचं बटण
त्यानं हिसका देऊन तोडलं
आणि दोऱ्यासकट पंजावर धरलं.
तिनं ते उजेडात फिरवून पाहिलं.
"हे नाही," म्हणाली, "पण चालेल.
मागच्या रांगेतून कोण बघतंय!"

गुणांच्या कागदावर अजून सही नाही.

खाली, खुंट्यांपाशी, तिनं आपणहून शाल काढली,
चौघडी केली,
माझी बस किती वाजता ते सांगितलं, तेही अचूक.
मग ओव्हरकोटाची एक बाही चढवून थांबली.
"आज कशी झाली गं लिंडा?"

नदीकडून बर्फाचा वारा येत होता.
मी दुसरी बाही धरून
तिच्या हाताची वाट पाहत होते.
एक. दोन. तीन.